ह्या गवऱ्या कायच्या?

दिवाळीच्या फराळाचं ताट क्रोशाच्या रुमालाखाली झाकून शेजारी गेलं, की रुमाल उचलणारी नजर आधी ओळख पटवते. ही चकली, ही करंजी, हे शंकरपाळे. मग कोपऱ्यातल्या चार काळ्या, गोल, अंगावर भेगा पडलेल्या चकत्यांवर ती अडते. वऱ्हाडातल्या आजीबाई अशा वेळी मनात काही ठेवत नाहीत. "काय वं माय, ह्या गवऱ्या कायच्या?"

उपमा झोंबते, पण चुकीची नाही. चॉकलेट कुकी आणि गोवरी, दोन्ही हातानंच थापतात. दोन्हींच्या कडा कुठं जाड, कुठं पातळ. दोन्ही वरून तडकतात, आणि त्यामागचं कारणही चुलतभावासारखं आहे. गोवरीचा वरचा थर उन्हानं आधी सुकतो, आकसतो आणि फाटतो. कुकीचा वरचा थर आधी सुकून ताठ होतो आणि आतलं पीठ सोड्यानं फुगत असतं, म्हणून तो फाटतो. भेगा पडलेली कुकी ही बिघडलेली कुकी नाही, एवढं त्या आजीबाईंना सांगितलं तरी ताट मानानं परत येतं.

दुसरा प्रश्न मात्र ठरलेलाच असतो: "जयली काय वं?" म्हणजे जळली का? आणि हा प्रश्न सोपा नाही. खेड्यातल्या घरी कुकी बिघडते ती बहुतेक वेळा इथंच.

फराळ करणारा हात रंगावर चालतो. अनारसा गुलाबी झाला की उचलायचा. शंकरपाळा बदामी झाला की काढायचा, कारण बाहेर आल्यावर तो अजून एक छटा चढतो. चकलीला तर रंगासोबत कानही लागतो: तेलातले बुडबुडे कमी झाले, चरचर थांबली, म्हणजे आतलं पाणी गेलं, चकली झाली. चॉकलेट कुकीचं पीठ कच्चं असताना काळं, झाल्यावर काळं आणि करपल्यावरही काळंच. बुडबुडे नाहीत, आवाज नाही. मग हात बिचारा त्याला माहीत असलेलं एकच करतो, कडक होईपर्यंत थांबतो. बोटानं दाबून पाहिलं, मऊ लागलं, अजून पाच मिनिटं ठेवली. पुन्हा दाबलं, पुन्हा मऊ. अजून पाच. बाहेर काढून गार झाली तेव्हा तिचा पेपरवेट झालेला असतो, आणि घरातले पोट्टे ती चहात बुडवून, मिटक्या मारत, "मस्त झाली" म्हणतात. त्यांच्या बोलण्यावर जाऊ नये. दिवाळीच्या सुट्टीत पोट्टे काहीही खातात.

गरम कुकी मऊच असते. तिच्यातलं लोणी वितळलेलं असतं, साखरेचा पाक झालेला असतो, चॉकलेट पातळ असतं. गार होताना ही तिन्ही आपापल्या जागी घट्ट होतात आणि तेव्हा कुकीला अंग येतं. गरम असतानाच जी कडक लागली, ती आतून वाळून गेली आहे. म्हणून ती कच्ची वाटते तेव्हाच उतरवायची. हे सांगणं सोपं आहे, ऐकणं कठीण. ज्या घरात कच्चं राहिलेलं अन्न हा सुनेचा गुन्हा मानला जातो तिथं तर फारच.

मग ओळखायचं कसं? गोवरीवरून सुरुवात झालीच आहे, तर उत्तरही अंगणातूनच घेऊ. सारवलेलं अंगण पाहा. सारवण ओलं असतं तेव्हा चमकतं. सुकायला लागलं की चमक कडेपासून विझत आत येते, आणि मधला ओला पट्टा लहान लहान होत जातो. कुकीच्या अंगावर हेच घडतं. ताटली आत गेल्यावर तीनचार मिनिटांत पीठ वितळल्यासारखं होतं आणि सगळ्या अंगावर ओली चमक येते. मग कडा मंद पडतात. मंदपणा आत सरकतो. मध्ये एक रुपयाच्या नाण्याएवढा चमकता ठिपका उरला की गॅस बंद. कडेला बोट लावलं तर ती विरोध करते, मधोमध लावलं तर खळगा पडतो. हीच झालेली कुकी. जन्मभर अंगण सारवलेल्या बाईला ही खूण एकदा दाखवली, की तिच्याइतकी नेमकी वेळ कोणाचं टायमर दाखवणार नाही.

आता माप. एका घाण्याचं नव्हे, एका डब्याचं: बाजारातलं मिठाचं बटर १०० ग्रॅम, पिठीसाखर ६० ग्रॅम, किसलेला गूळ ४० ग्रॅम, मैदा १३० ग्रॅम, कोको पावडर २५ ग्रॅम, खायचा सोडा पाव छोटा चमचा, दूध २ मोठे चमचे, आणि चाकूनं जाडसर फोडलेलं चॉकलेट ८० ग्रॅम. अंडं नाही, त्यामुळे देवघरापासून ओट्यापर्यंत कोणाची हरकत नाही. बटरमध्ये मीठ असतंच, वरून घालू नये. पंचवीस-पंचवीस ग्रॅमचे गोळे केले तर अठरा कुकी होतात.

घरी ग्रॅमचा काटा नसतो, म्हणून लोक वाटीवर जातात, आणि वाटी प्रत्येक घरची वेगळी. यावर सरळ तोडगा असा की किराणा दुकानातूनच १३० ग्रॅम मैदा आणि ६० ग्रॅम पिठीसाखर तोलून, पुड्या बांधून आणाव्यात. दुकानदार एकदा वर पाहील, "कायले एवढंसं?" विचारेल. विचारू द्यावं. काटा त्याच्याकडे आहे. बटरची १०० ग्रॅमची वडी तर मोजूनच मिळते. सोडा तेवढा काट्यावर भरवशाचा नाही. तो चमच्यानंच घ्यायचा, आणि चमचा सुरीच्या पाठीनं सपाट करून. हात सैल सुटला तर तोंडात साबणाची चव येते आणि ती कोणत्याही चॉकलेटनं झाकत नाही.

सोड्याला काम करायला आंबटपणा लागतो. गुळात तो थोडा असतो, साध्या कोकोतही असतो, म्हणून इथं पाव चमचा पुरतो. पण कोकोच्या डब्यावर अल्कलीची प्रक्रिया केल्याचं लिहिलं असेल, म्हणजे रंग जास्त गडद आणि चव सौम्य असेल, तर त्यातला आंबटपणा गेलेला असतो. अशा वेळी सोड्याऐवजी अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर घ्यावी. गूळ किसून बटरमध्येच घालावा. दुधात विरघळवून घालण्याची हौस करू नये. कोमट-गरम दुधात गूळ पडला की दूध फाटतं, हे विदर्भातल्या कुठल्याही स्वयंपाकघराला नव्यानं सांगायला नको. खडे राहिले तर तिथं पाक होऊन कुकीला भोक पडतं.

बटर फेसणं हा एकच टप्पा असा आहे जिथं जुना हात जसाच्या तसा उपयोगी पडतो. नानखटाईसाठी परातीत तूप तळहातानं फेसून पांढरं करतात, तसंच बटर, पिठीसाखर आणि गूळ चार-पाच मिनिटं फेसायचं. रंग फिका झाला, हाताला हलकं लागलं की पुरे. मात्र बटर घोटाळ्याचं. बोट रुतेल पण चकाकणार नाही, इतपत मऊ हवं. दिवाळीत दुपारी ते बाहेर ठेवलं की अर्ध्या तासात तसं होतं. डिसेंबरच्या शेवटी, पोरांना नाताळाची सुट्टी आणि नागपूर-गोंदियाकडे पारा दहाच्या खाली, अशा सकाळी ते विटेसारखं असतं. तेव्हा घाईनं चुलीजवळ ठेवून वितळवू नये; तुकडे करून पंधरा मिनिटं कोवळ्या उन्हात ठेवावं. वितळलेलं बटर पुन्हा गोठवलं तरी त्यात हवा धरत नाही. आणि मे महिन्यात? विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या नंतर उघडतात, सुट्टी संपता संपत नाही, पोट्टे "कुकी कर" म्हणून पदर ओढतात. पण पंचेचाळीस अंशात बटर बाहेर काढलं की त्याचं तेलच होतं, ते साधारण ३२ ते ३५ अंशांवर वितळतं. त्या दिवसांत पहाटे पाचला करा, नाहीतर आंब्याचा रस खा.

घरचं लोणी चालतं का, हा हमखास प्रश्न. चालतं, पण आधी गार पाण्यात दोनतीनदा धुवावं आणि दाबून पाणी काढावं. ताक राहिलं तर कुकी आंबट आणि पसरट होते. दोन चिमटी मीठ घालावं. तूप घेतलं तर? बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नाहीच. म्हणून १०० ऐवजी ८० ग्रॅम तूप आणि एक चमचा दूध जास्तीचं. निघेल ती कुकी नसेल, काळी नानखटाई असेल. वाईट नाही. उलट ताटातून ती आधी संपते, कारण ओळखीची लागते.

मैदा, कोको, सोडा एकत्र दोनदा चाळून फेसलेल्यात घालायचं आणि दूध शिंपडून फक्त गोळा करायचा. मळायचं नाही. हे "मळायचं नाही" मोठ्या अक्षरात लिहून ओट्यावर चिकटवावं अशी गोष्ट आहे, कारण पीठ दिसलं की मूठ आपोआप वळते आणि तळहात आपोआप दाब देतो. कणकेत जो चिवटपणा आपण मुद्दाम आणतो, तोच कुकीला चामडं करतो. शंकरपाळ्याच्या मोहनाची परीक्षा आठवा, मूठ दाबली की पीठ बांधलं जातं आणि बोट लावलं की फुटतं. इथं त्याहून थोडं ओलं, एवढंच. चॉकलेटचे तुकडे शेवटी.

चॉकलेटबद्दल एक गोष्ट. थेंबांच्या आकाराचे चिप्स तालुक्याला मिळत नाहीत म्हणून अडून बसू नये. चॉकलेटच्या तुकड्यांची कुकी १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, व्हिटमन गावच्या टोल हाउस नावाच्या खानावळीत रूथ वेकफिल्ड या बाईंनी प्रसिद्ध केली, ती वडी फोडून. चिप्स नंतर आले. फोडलेल्या वडीत मोठे तुकडे, बारीक कणी, पूड सगळंच असतं, त्यामुळे प्रत्येक घास वेगळा लागतो. फक्त वेष्टनामागची बारीक अक्षरं वाचावीत. कोको बटर लिहिलं असेल तर ते चॉकलेट, तोंडात विरघळेल. त्याऐवजी हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असेल तर ते कंपाउंड. ते उन्हाळ्यातही टिकतं, पण टाळूला मेणासारखं चिकटून बसतं.

आता भट्टी. विदर्भाला भाजणं नवं नाही. शेतातल्या पंगतीला गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात, पळसाच्या पानात पानगे. म्हणून कोणालातरी सुचतंच की कुकीही आरात भाजू. नको. रोडग्यात आत तुपाचा हात असला तरी ते मुख्यतः पीठ आणि पाणी. वरचं कवच करपलं तर झटकून टाकता येतं. कुकी म्हणजे अर्ध्याच्या वर लोणी, साखर आणि चॉकलेट. आराची धग लागली की ती आकार धरायच्या आत वाहून राखेत जाईल, आणि मग खरोखरच गोवरी होईल.

इथं सगळा खेळ एका शर्यतीचा आहे. लोणी वितळून कुकी पसरत असते, आणि त्याच वेळी गरमीनं पीठ धरायला लागतं. धरणं लवकर जिंकलं तर लाडू राहतो, वितळणं जिंकलं तर ताटभर एकच पोळी होते. नेमका मेळ १७० अंशांच्या आसपास बसतो. छोट्या ओव्हनमध्ये त्या तापमानाला ११ ते १३ मिनिटं लागतात.

ओव्हनचा आकडा खरा बोलतो का, हे तपासायला साखर पुरते. साखर १८६ अंशांच्या जवळपास वितळते. स्टीलच्या छोट्या वाटीत चमचाभर साखर ठेवा, बटण १७५वर, पंधरा मिनिटं. दाणे कोरडे राहिले तर ठीक. पाक झाला तर ओव्हन सांगतो त्याहून तापट आहे. मग १९०वर ठेवून पाहा. तेव्हाही वितळली नाही तर तो थंडा आहे.

दुसरं म्हणजे लाइन. १५०० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढतो, त्यामुळे लहान पिनचं अडॅप्टर लावून मोबाइलच्या बोर्डात खुपसू नये. कुलरचं नाही, पंपाचं नाही, मोठ्या पिनचं स्वतंत्र सॉकेट हवं. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडून १८०वर आलं तर तोच ओव्हन जेमतेम ६१ टक्के ताकदीवर चालतो, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गानं घटते. दहा मिनिटांत तापणारा ओव्हन मग सोळा-सतरा मिनिटं मागतो. लाल दिवा लागला म्हणजे तापला असं नाही, विझला म्हणजे तापला. आणि लाइन मधेच गेली तर? आठ मिनिटं होऊन गेली असतील तर दार उघडू नका. आतली उरलेली धग दहाएक मिनिटांत काम पुरं करते. पहिल्या तीनचार मिनिटांत गेली तर ताटली काढून, पीठ गार करून, पुन्हा गोळे वळा. सोडा थोडा वाया गेलेला असतो, कुकी जराशी बसकी होईल.

बहुतेक घरांत ओव्हन नसतोच. जाड बुडाची लोखंडी कढई किंवा जर्मनचा जुना गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, चांगला. कुकरमध्ये करत असाल तर शिट्टी आणि रबर काढून, आणि तोही निवृत्तीला आलेला कुकर. कोरड्या आचेनं त्याचं बूड वाकतं. नॉनस्टिक तर मुळीच नाही. तळाला जाड मीठ बोटभर, त्यावर जाळी किंवा उलटी वाटी, वर घट्ट बसणारं झाकण. मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तापवायचं. मग चिमूटभर मैदा स्टीलच्या झाकणीवर पसरून आत ठेवा. दोन मिनिटांत तो तपकिरी झाला तर आच जास्त आहे.

कढईचा दोष म्हणजे धग खालून येते, वरून येत नाही, आणि हळूहळू येते. शर्यतीत वितळणं पुढं जातं. म्हणून कढईसाठी त्याच मापात १५ ग्रॅम मैदा वाढवा, गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये, नाहीतर रात्रीच्या थंडीत बाहेर झाकून ठेवा, आणि ताटलीला तूप लावू नका, बटर पेपर लावा. तुपावरून कुकी घसरत पसरते. तळ करपत असेल तर एकाखाली एक अशा दोन ताटल्या. एका वेळी पाचच मावतात. पहिल्या घाण्याला वीस मिनिटं, दुसऱ्याला सतरा, तिसऱ्यापासून पंधरा, कारण मीठ तापतच जातं. हे विसरणाऱ्याचा पहिला घाणा कच्चा आणि शेवटचा कोळसा होतो, आणि तो दोष कोकोला देतो. झाकण दहा मिनिटांच्या आत उघडायचं नाही. वास ओसरीवर पोचला आणि कोणीतरी "काय चाललंय?" विचारत आत आलं, तर समजावं की पाहायची वेळ आली, कदाचित दोन मिनिटं आधीच येऊन गेली.

बाहेर काढल्यावर पाच मिनिटं ताटलीवरच राहू द्यावी. गरम उचलली तर मोडते. मग उलट्या चाळणीवर, म्हणजे खालून वाफ निघून जाते.

दिवाळी ते नाताळ हे दिवस आंबिया बहराच्या संत्र्याचे. मोर्शी, वरुड, काटोलकडे घरात कोपऱ्यात संत्री पडलेलीच असतात, आणि चॉकलेटला संत्र्याइतका जवळचा सोबती नाही. रस नको, त्यानं पीठ सैल होतं. सालीचा किस हवा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर ती किसणीवर टिकत नाही, वाकते आणि बोट किसलं जातं. म्हणून फळ धुऊन, पुसून, अख्खंच बारीक किसणीवर हलकं फिरवायचं. फक्त नारिंगी रंग घ्यायचा. खालचा पांढरा पापुद्रा आला की कडू. हा किस थेट पिठात न टाकता पिठीसाखरेत घालून बोटांनी चोळावा. सालीतल्या ठिपक्यांत तेल असतं, साखरेच्या कणांनी ते फुटतं आणि साखर ओलसर, फिकट केशरी होते. त्या क्षणी जो वास सुटतो, त्यासाठी कुकी केली नाही तरी चालेल. एका संत्र्याचा किस या मापाला पुरतो. सोललेलं संत्रं करणाऱ्यानं खावं.

अक्रोडाच्या जागी भाजून सालं पाखडलेली फल्ली, म्हणजे शेंगदाणे, अर्धी वाटी उत्तम लागते, आणि ती घरचीच असते. मैद्याचं मनाला लागत असेल तर १३० पैकी ४० ग्रॅम ज्वारीचं पीठ घ्यावं. त्याहून जास्त घेतलं तर कुकी उचलताना भुगा होते, कारण ज्वारीत चिकटपणा नाही. अशा पिठाला अर्धा तास विसावा द्यावा, नाहीतर दातात रेती लागते.

ठेवताना चिवड्याच्या डब्यात ठेवू नये. कुकीतली ओल चिवडा ओढतो आणि नरम पडतो, चिवड्यातल्या लसणाचा वास कुकीतलं लोणी ओढतं. दोघंही एका दिवसात बिघडतात आणि भांडण तिसऱ्याच माणसात होतं. वेगळा स्टीलचा डबा, कागदाच्या थरांत, आठवडाभर छान राहते.

कढईतलं ते भाजलेलं मीठ फेकू नका, पुढच्या वेळी तेच चालतं. पण ते बरणीत भरून ओट्यावर ठेवणार असाल तर बरणीला चिठ्ठी लावा. नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या वरणाला कोकोचा वास येतो, आणि आजीबाई पुन्हा विचारतात, "जयलं काय वं?"